पाकिटावर केशर, आत काय?

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. अमळनेरजवळ मामांच्या मळ्यात, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी पाकीट उघडलं. ऑनलाइन मागवलेले १२ कंद. पाकिटावर बर्फाचे डोंगर, जांभळी फुलं आणि खाली ठळक अक्षरांत ‘अस्सल काश्मिरी केशर’. मामांनी त्यातला एक उचलला, हुंगला आणि मी काही म्हणायच्या आत विळ्यावर धरून मधोमध चिरला. आत थरावर थर, बोट लावलं तर चिकट.

‘केशर कसानं, पोरी? हाऊ ते कांदा शे!’

४० वर्षं केळी लावणाऱ्या या माणसाने क्रोकस हा शब्द, म्हणजे केशराच्या झाडाचं शास्त्रीय नाव, कधी ऐकलेला नाही. तरी ओळख पटवायची पहिली परीक्षा त्यांनी बरोबर घेतली होती. वनस्पतिशास्त्राची पदवी असलेली मी मात्र पाकिटावरचं चित्र बघत बसले होते.

हे कंद आपल्याकडे दोन प्रकारची माणसं मागवतात. काहींना बंद खोलीत एसी लावून केशर पिकवायचं असतं. बाकीचे माझ्यासारखे, कंदफुलांचा नाद लागलेले, एकमेकांत कंदांची देवाणघेवाण करणारे. चुकीचं नाव चिकटलं की पहिल्यांचे पैसे जातात आणि दुसऱ्यांची वर्षं जातात, कारण कंदाला फूल येईपर्यंत थांबावं लागतं. कधी कधी गोष्ट पोटापर्यंतही जाते. ते पुढे सांगते.

आधी नावाचा गुंता. केशराचं झाड म्हणजे क्रोकस सॅटायव्हस. यातलं क्रोकस हे आडनाव समजा आणि सॅटायव्हस हे नाव. आडनावबंधू पुष्कळ. वनस्पतींना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये या सगळ्या गोतावळ्याला एकाच जातीत बसवलं होतं. केशर आणि वसंतात फुलणारा रानटी क्रोकस हे त्याला एकाच जातीचे दोन प्रकार वाटले. पुढे १८८६ मध्ये जॉर्ज मॉ या इंग्रज गृहस्थाने (धंदा टाइल्सचा, नाद क्रोकसचा) त्यांच्यावर जाडजूड सचित्र ग्रंथ काढला. १९८२ मध्ये ब्रायन मॅथ्यू या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी नव्याने मांडणी केली तेव्हा सुमारे ८० जाती भरल्या. डीएनए बघायची सोय झाल्यावर आकडा २०० च्या पुढे गेला. यातल्या बहुतेक जाती आपल्या नजरेला कधीच पडणार नाहीत, पण दोन-तीन डझन तरी जगभरच्या कंदबाजारात फिरत असतात, आणि सुप्तावस्थेतला एक तपकिरी गोळा दुसऱ्या तपकिरी गोळ्यासारखाच दिसतो.

त्यात आडनाव चोरणारे वेगळेच. शरदात फुलणाऱ्या कोल्चिकमला इंग्रजीत सर्रास ‘ऑटम क्रोकस’ म्हणतात. त्याचा क्रोकसशी काडीचा संबंध नाही. आपला भुईचाफा, पानांच्या आधी जमिनीतून फूल काढणारा, तो हळदीच्या कुळातला. त्यालाही ‘ट्रॉपिकल क्रोकस’ म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर उमलणाऱ्या पावसाळी लिलीला तर कित्येक जण क्रोकसच समजतात. ही सरमिसळ फक्त इंग्रजीतच आहे असंही नाही. अमरकोशात केशराला ‘अग्निशिख’ म्हटलंय आणि करडईच्या फुलाला ‘वह्निशिख’. अग्नी काय नि वह्नी काय! सातपुड्यात पावसाळ्यात वेलीवर पेटल्यासारखी दिसणारी कळलावी, तिचंही संस्कृत नाव अग्निशिखाच. एक खिरीत पडणारं, एक घाण्यावर जाणारं आणि एक विषारी, तिघांना एकच उपमा.

करडईचा विषय निघालाच आहे तर लगेच उरकून टाकते. ‘अमेरिकन केशर’ या नावाने जे बियाणं विकलं जातं ती करडई असते. लाल-केशरी पाकळ्या वाळवल्या की लांबून केशर वाटावं अशा दिसतात. ते पीक वाईट नाही, तेल चांगलं, रब्बीत येतं, आपल्या आजोबांनीही केलेलं आहे. फक्त ते केशर नाही. आणि ‘बियाणं’ हा शब्द ऐकताच कान टवकारायला हवेत, कारण खऱ्या केशराला बी धरतच नाही.

हे का, ते खानदेशात समजावून सांगणं सगळ्यात सोपं आहे. केळीला बी का नसतं? रावेर-यावलकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असतं की केळीचं बी पेरत नाहीत. कंद लावतात, मुनवे लावतात, हल्ली टिश्यू कल्चरची रोपं लावतात. ग्रँड नैन काय, बसराई काय, या केळींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. ११ चे तीन, एकूण ३३. बी तयार व्हायचं तर गुणसूत्रांना जोडीदार लागतो. दोन संच असले की प्रत्येकाला जोडी मिळते. तीन झाले की पंचाईत. तिघांची फुगडी कशी घालणार? त्या गोंधळात परागकण आणि बीजांड दोन्ही निकामी निघतात. केशराचंही अगदी हेच आहे. ८ चे तीन संच, एकूण २४ गुणसूत्रं. त्यामुळे केशराचं जे काही झाड आज काश्मीरमध्ये, इराणमध्ये किंवा स्पेनमध्ये आहे ते कोणीतरी कंद खणून, वेगळे करून, पुन्हा लावून तिथवर नेलेलं आहे. ग्रीसमधल्या अथेन्सच्या आसपासचा रानटी क्रोकस कार्टराइटियानस हा त्याचा पूर्वज असल्याचं २०१९ मधल्या जनुकीय अभ्यासांतून पक्कं झालं. त्याला बी धरतं. केशराला नाही.

यातून दोन कामाच्या गोष्टी हाती लागतात. तुमच्या कुंडीतल्या ‘केशरा’ला फूल सुकल्यावर काही महिन्यांनी जमिनीतून बोंड वर आलं आणि त्यात टपोरं बी भरलं, तर ते क्रोकस असेल, पण केशर नव्हे. दुसरं, सगळं केशर एकाच रोपाची पिलावळ असल्यासारखं असल्यामुळे फुलं जवळजवळ सारखी असतात. एकाच ट्रेमध्ये एक फूल फिकट, एक पट्ट्यापट्ट्यांचं, एक पांढरं असं दिसलं तर ‘व्हरायटी आहे’ म्हणून खूश होऊ नका. ती भेसळ आहे.

भेसळ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. कपाशीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट ज्यांनी केलेत त्यांना ‘भेसळ काढणे’ काय असतं ते ठाऊक आहे. प्लॉटमध्ये फिरून वेगळं दिसणारं झाड उपटून टाकायचं. कंदाच्या शेतात ही भेसळ फूल असतानाच ओळखू येते, म्हणजे वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या दिवसांत कोणाचं लक्ष चुकलं की संपलं. क्रोकसचा जुना गड्डा दरवर्षी सुकून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवे गड्डे तयार होतात. चुकीच्या एका गड्ड्याचे दरसाल दोन झाले असं धरलं, तर १० वर्षांत १,०२४. आणि बहुतेक वेळा घुसखोर जोमदार असतो. टोमासिनियानस नावाचा एक नाजूक दिसणारा क्रोकस आहे, तो कंदाने वाढतो, बियांनीही पसरतो. शेजारच्या कुंडीत कधी शिरला ते कळतही नाही. मग पाटी एकाची, कुंडी दुसऱ्याची. मालक प्रामाणिकपणे जुन्याच नावाने कंद वाटत राहतो. फसवणूक करणारे असतात, नाही असं नाही, पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका या असल्या निष्पाप चुका आहेत.

आणि हौशी लोकांच्या बियांबद्दल तर विचारूच नका. एकाच बागेत १५ जाती शेजारी शेजारी, मधमाशी पाट्या वाचत नाही. स्पेसिओसस आणि पुल्केलस या शरदातल्या दोन जातींचा संकर बागेत सहज होतो. बी गोळा करणारा आईचं नाव पाकिटावर लिहितो. बापाचं कोणालाच माहीत नसतं.

आता परीक्षा. मामांनी घेतली ती पहिली, आणि तिला फुलाची वाट बघावी लागत नाही. एक गड्डा बळी द्यायचा आणि चिरायचा. थर निघाले तर तो कांद्याच्या जातीचा कंद: पावसाळी लिली, नर्गिस, ट्युलिप, काहीही असेल, क्रोकस नाही. सुरणासारखा आतून एकजीव, पिठूळ, पांढरा निघाला तर तो दृढकंद. क्रोकसचा असा असतो. आल्या-हळदीसारखे आडवे फाटे आणि खाली गाठीदार मुळं असतील तर भुईचाफ्याचं घराणं, चुरगाळून वास घेतला की खात्री. १२ पैकी एक चिरायला जीवावर येतं हे मला मान्य आहे. न चिरता करायचं तर टरफल सोलून बघा: कांद्याच्या सालीखाली पुन्हा मांसल पापुद्रा लागतो, दृढकंदाच्या सालीखाली सरळ घट्ट गर आणि त्यावर गोल कडी. माझ्या पाकिटात चार कांदे निघाले, आठ घट्ट गड्डे. मामांनी चिरलेला त्या चारांतला.

पण घट्ट गड्डा निघाला म्हणजे क्रोकसच, असं नाही. इथे दुसरी परीक्षा येते आणि हीच जिवावरची आहे.

धुळ्याच्या एका ओळखीच्या काकूंचा ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ कॉल आला. कोणाकडून तरी भेट मिळालेला ‘केशराचा कंद’ त्यांनी मातीत लावलाही नव्हता, कपाटावर तसाच ठेवला होता, आणि त्याला तिथेच गुलाबी-जांभळं मोठं फूल आलं होतं. काकू खुशीत. ‘अगं, लोकांच्या केशराला तीन धागे असतात म्हणे, माझ्या एका फुलात सहा पिवळे निघाले बघ!’ भुलाबाईचे दिवस चालू होते. कोजागिरीला पोरींच्या दुधात घरचं केशर टाकायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी त्यांना फूल हातातून खाली ठेवायला लावलं, साबणाने हात धुवायला लावले आणि मग बोलले.

सहा पिवळे ‘धागे’ म्हणजे सहा पुंकेसर. क्रोकसमध्ये ते तीनच असतात, सॅटायव्हस असो की दुसरा कुठलाही. सहा म्हणजे ते कोल्चिकम. कोल्चिकममध्ये कोल्चिसीन असतं, पेशींचं विभाजन थांबवणारं विष. संधिवाताच्या एका प्रकारात, गाऊटमध्ये, डॉक्टर ते अगदी मोजून देतात. पण झाडाचा कुठलाही भाग पोटात गेला तर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे एकेक अवयव बंद पडू शकतो आणि त्यावर हमखास उतारा नाही. आपल्याकडे हेच विष कळलावीत आहे, दोघांचं कूळही एकच. सातपुड्याच्या पायथ्याला कळलावी दिसली की जुनी माणसं लेकरांना तिला हात लावू देत नाहीत. काकूंना ‘हे कळलावीचं भावंड आहे’ एवढं सांगितल्यावर बाकी काही समजवावं लागलं नाही.

म्हणून चव घेऊन ओळखायचं नाही. कधीच नाही. मोजायचं.

इथे मराठी भाषेनेच केलेली एक गंमत सांगते. शाळेत आपण शिकतो, फुलाचा नर भाग पुंकेसर. ‘केसर’ शब्द त्यातच आहे, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की आपण खातो ते केशर म्हणजे पुंकेसर. उलट आहे. केशराचा लाल धागा हा फुलाचा मादी भाग, कुक्षी. पुंकेसर पिवळे असतात, त्यांना ना वास ना किंमत. भेसळ करणारे मात्र तेही रंगवून घालतात.

तर केशराच्या फुलात काय दिसायला हवं? सहा जांभळ्या पाकळ्या, आत तीन पिवळे पुंकेसर, आणि मधून निघून तीन फाटे झालेली गडद लाल कुक्षी. प्रत्येक फाटा अडीच-तीन सेंटिमीटरचा, टोकाकडे रुंद होत गेलेला, जणू छोटी तुतारी. तो इतका लांब असतो की आपल्या वजनाने पाकळ्यांच्या बाहेर झुकतो. हे झुकणं महत्त्वाचं. कार्टराइटियानसचा धागाही लाल आणि लांब असतो, पण फूल लहान आणि त्याला बी धरतं. पल्लासियाय नावाच्या जातीचं फूल केशरासारखं, धागा आखूड. स्पेसिओससचं फूल निळसर-जांभळं, शरदातच येणारं, केशर म्हणून विकायला फार सोयीचं. पण त्याची कुक्षी तीन फाट्यांवर थांबत नाही, कुंचल्यासारखी बारीक नारिंगी तंतूंत फाटलेली असते, आणि फुलाच्या वेळी पानांचा पत्ता नसतो. कोटशियानस असेल तर घशाशी प्रत्येक पाकळीच्या बुडाला दोन पिवळे ठिपके. पुल्केलसचे पुंकेसर पांढरे. हे एकदा बघितलं की विसरत नाही, पण पाकिटावरच्या फोटोत नेमकं घशातलंच कोणी दाखवत नाही. म्हणून फोटो काढताना वरून, सरळ आत बघत काढा. बाजूने काढलेला सुंदर फोटो ओळखीला बिनकामाचा.

एक फूल मात्र उभं फाडायची तयारी ठेवा. क्रोकसमध्ये आपण ज्याला देठ समजतो ती पाकळ्यांचीच लांब नळी असते आणि अंडाशय खाली जमिनीत, गड्ड्याजवळ लपलेलं असतं. पावसाळी लिलीचं फूल मात्र खऱ्या पोकळ देठावर उभं असतं आणि अंडाशयाची हिरवी गाठ फुलाच्या लगेच खाली हाताला लागते. नळीचा रंगही बघा. टोमासिनियानसची नळी पांढरी, त्याच्या भाऊबंदांतल्या मोठ्या डच क्रोकसची रंगीत. दोघांत संकर होतात, त्यामुळे कधी कधी नळीही धड एका बाजूची साक्ष देत नाही.

पानं आल्यावर एक सोपी खूण: क्रोकसचं पान गवतासारखं अरुंद आणि मधोमध पांढरी रेघ, चुन्याने ओढावी तशी. काही मोजक्या जाती सोडल्या तर ही रेघ असतेच. कोल्चिकमचं पान रुंद, सबंध हिरवं, आणि येतं फूल जाऊन कित्येक महिन्यांनी.

आता माझी आवडती परीक्षा: गड्ड्याचं टरफल. फुलाविना ओळख पटवायची तर याच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही, आणि हौशी लोक नेमकं तेच सोलून टाकून कंद ‘स्वच्छ’ करतात! जळगावच्या सराफ बाजारात दहा पटीचं भिंग मिळतं, दागिन्यांवरचे छाप बघायचं. ते घ्या आणि उन्हात बसा. केशराचं टरफल बारीक तंतूंचं असतं, तागाच्या जुन्या गोणपाटासारखं, तंतू एकमेकांत नाजूक जाळी विणलेले. अँगस्टिफोलियसचं टरफल जाडजूड जाळीचं, भाजीवाल्याच्या पिशवीची आठवण यावी असं. क्रिसँथस आणि बायफ्लोरस यांच्या टरफलाला तंतू नसतातच. ते गुळगुळीत, आणि बुडाशी आडव्या गोल कड्या सुटून येतात, मनगटावरच्या बांगड्यांसारख्या. लेव्हिगेटसचं कडक, शिंपल्यासारखं. कोटशियानसचं पातळ कागदी, आणि गड्डाही बेढब, बहुधा कुशीवर पडलेला. बाजारात ‘क्रिसँथस’ म्हणून आलेल्या पिवळ्या फुलाच्या गड्ड्याला जाळी दिसली, तर फूल कितीही जुळू दे, नाव चुकलेलं आहे. तो अँसायरेन्सिस असायची शक्यता मोठी. मॅथ्यू यांनी जातींचे गट पाडताना टरफल आणि कुक्षी या दोन गोष्टींवर फार भर दिला होता. डीएनएने त्यांचे काही गट मोडले, पण माझ्या-तुमच्यासारख्याला पाकीट तपासायला अजूनही हेच दोन साक्षीदार पुरतात.

राहिला ऋतू. खानदेशात याचा उपयोग थोडा वेगळा होतो. भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो; क्रोकसला उन्हाळ्यात कोरडी झोप चालते, पण इतकी भट्टी चालत नाही. केशराच्या गड्ड्यात फूल घडतं ते २३ ते २७ अंशांत आणि बाहेर येतं १७ च्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात थंड खोली आणि ऑक्टोबरमध्ये आणखी थंड खोली, असा खर्च येतो. काश्मीरमधल्या पाम्पोरच्या करेवा म्हणजे उंच, सपाट पठारी जमिनीवर निसर्ग हे फुकट करतो. (काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या जागेमुळेच, तिथला गड्डा इथे लावला म्हणून इथलं केशर काश्मिरी होत नाही, हा आणखी एक पाटीचा घोटाळा.) पण ओळखीच्या दृष्टीने बघा: ऑगस्टात आलेला केशराचा मोठा गड्डा आतून फूल घेऊनच आलेला असतो. त्याला ट्रेमध्ये मातीविना ठेवलं तरी थंड खोलीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात फूल येतं. वसंतातल्या डच क्रोकसला आधी तीन महिने फ्रिजसारखी थंडी लागते, त्याशिवाय तो ढिम्म हलत नाही. ट्रेमधले काही फुलले आणि काही नुसते बसून राहिले, तर ‘कंद कमजोर असतील’ म्हणण्याआधी ते वेगळ्या जातीचे असतील का हे विचारा. गड्डा लहान असेल तरी फूल येत नाही, तेवढं लक्षात घेऊन.

माझ्या आठांचं असंच झालं. पाच गड्ड्यांना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलं आली. तीन पुंकेसर, झुकलेले तीन लाल धागे, गोणपाटी टरफल. केशर. तीन बसून राहिले. ते मी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत टाकले, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि फेब्रुवारीत बाहेर काढून कुंडीत लावल्यावर एकाला पांढरट पाकळ्यांवर जांभळे पट्टे असलेलं मोठं फूल आलं, जगभरच्या बागांतला तो साधा डच क्रोकस. उरलेल्या दोघांना नुसती पानं आली, मधोमध पांढरी रेघ ओढलेली. म्हणजे क्रोकस नक्की. टरफल समांतर तंतूंचं. त्यापुढे मला सांगता येत नाही आणि मी सांगतही नाही. त्यांच्या पाटीवर ‘क्रोकस, जात अनोळखी’ एवढंच आहे.

नवशिक्यांना असं ‘अनोळखी’ लिहिण्याची लाज वाटते. पण ओळखीसाठी ज्या किल्ल्या, म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत जातीपर्यंत नेणारे तक्ते, तज्ज्ञांनी बनवल्यात त्या रानातल्या झाडांसाठी आहेत. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कुठे सापडलं?’ हा असतो. आपल्याकडे सोयरीक जुळवताना आधी गाव विचारतात तसं. पिढ्यान्‌पिढ्या कुंड्यांत वाढलेल्या गड्ड्याचं गावच हरवलेलं असतं. नुसत्या चेहऱ्यावरून कूळ सांगायचं म्हटल्यावर काही जण सुटणारच.

शिवाय कधी कधी पाटी बरोबर असते आणि शास्त्रच नाव हलवतं. आल्प्समधल्या छोट्या पांढऱ्या क्रोकसला पूर्वी अल्बिफ्लोरस म्हणत आणि मोठ्या जांभळ्या डच क्रोकसच्या घराण्याला व्हर्नस. मग तज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं उकरली आणि ठरवलं की व्हर्नस या नावावर खरा हक्क त्या पांढऱ्याचा. जांभळ्याला निआपॉलिटॅनस म्हणायचं. एका रात्रीत जगभरच्या कुंड्यांवरच्या पाट्या चुकल्या. सातबाऱ्यावर नाव लागायचं राहून गेलेला वारस निघावा, तसला प्रकार.

पाटीवर काय लिहायचं, याबद्दल माझा एक हट्ट आहे. जे नाव लावून कंद आला ते नाव खोडायचं नाही. ‘केशर म्हणून आला, ऑगस्ट’ असं लिहायचं, आणि खाली, वेगळ्या ओळीत, तुमचा निष्कर्ष. पुढच्या माणसाला चुकीचा माग काढता येतो. लिहायचं ते पेन्सिलीने. मार्कर कितीही ‘पर्मनंट’ म्हणवत असला तरी आपल्याकडचा एक उन्हाळा त्याला पुरत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीवरची साधी पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते. दुसरी पट्टी कुंडीच्या तळाशी मातीत पुरून ठेवायची, कारण वरची खारी उपटतात आणि त्याहून जास्त घरी आलेल्या पाहुण्यांची लेकरं.

त्या चार कांद्यांचं सांगायचं राहिलं. चिरलेला तर गेलाच. उरलेले तीन मामांनी विहिरीजवळ, केळीच्या बांधावर टोचून दिले. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून चार दिवस झाले आणि गुलाबी फुलं वर आली. सहा पुंकेसर, पोकळ देठ, फुलाखाली हिरवी गाठ: पावसाळी लिली, आपल्या प्रत्येक नर्सरीत २० रुपयांना मिळणारी. गंमत म्हणजे मामांनी पाकिटावरचं ‘अस्सल काश्मिरी केशर’ कापून, प्लॅस्टिकमध्ये घालून तिथे काठीला बांधलेलं होतं. मी म्हटलं, मामा, तुम्हीच तर कांदा ओळखलात, मग ही पाटी काढा ना. त्यांनी हात झटकला.

आता तिथे भरपूर कांदे झालेत. गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरून कोणीतरी त्यातले चार मागून नेले. काय म्हणून दिले, असं मी विचारलं.

‘पाटीवर जे लिखेल शे, तेच.’